कॅप्टनची मान

त्याला कॅप्टन हे नाव ऑफिसात पडलं. कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर चढला, कुठला बंदरातच अडकून बसलाय, कुणाचा माल कधी हातात पडेल, हे सगळं तो एका खुर्चीत बसून सांभाळायचा. आणि गंमत अशी की हा गडी आयुष्यात साध्या होडीतही बसला नव्हता. पाण्याला भ्यायचा. सहकाऱ्यांनी थट्टेने कॅप्टन म्हणायला सुरुवात केली, मग साहेबही म्हणू लागले, आणि शेवटी बायकोनेही ते उचललं. "कॅप्टन, जहाज जरा बाजूला घ्या, मला केर काढायचाय," असं ती म्हणायची.

तिचं स्वतःचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. माहेरी तिला भिंगरी म्हणत आणि सासरीही तेच रूढ झालं. एका जागी ठरेल तर शपथ. रस्त्याने चालताना ती नेहमी चार पावलं पुढे आणि हा मागून धापा टाकत, "अगं, गाडी चुकत नाहीये आपली!" त्यांची दहा वर्षांची लेक छोटी तेवढी आईच्या बरोबरीने पळू शकायची.

भिंगरी आधीपासूनच घरून काम करायची. डॉक्टर लोक रोग्याला तपासून झालं की नोंदी बोलून ठेवतात, त्या ऐकून ती टाइप करून द्यायची. दिवसभर कानात दुसऱ्यांची दुखणी. पण तिची कामाची तऱ्हा तिच्यासारखीच होती. एक नोंद संपली की गॅलरीत कपडे वाळत घाल, दुसरी संपली की जिना उतरून भाजी आण, तिसरी संपली की शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहा. बसणं कमी, उठणं जास्त.

मग कॅप्टनच्या कंपनीने सहाव्या मजल्यावरचं ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना सांगितलं की आता घरूनच काम करा.

पहिले काही दिवस त्याला स्वर्ग हाती लागल्यासारखं झालं. सकाळची बस नाही, इस्त्रीचा शर्ट नाही. कंपनीने एक चांगली खुर्ची घरपोच पाठवली, उंची कमीजास्त होणारी, पाठीला आधार देणारी. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ जेवणाचं टेबल होतं, तिथे ती खुर्ची लागली आणि टेबल त्याचं झालं. तोपर्यंत त्या टेबलावर भिंगरी काम करायची. तिने आपला लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारच्या फळीवर नेऊन ठेवला. बसायला एक स्टूल होतं. त्यावर तिने उशी टाकली. "माझं काय, मी कुठेही बसेन," ती म्हणाली. त्याला ते खरं वाटलं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

ऑफिसात असताना त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं की तो दिवसभरात किती चालायचा. बसथांबा, जिने, चहाच्या टपरीपर्यंतची फेरी, कुणाच्या तरी टेबलाशी जाऊन मारलेल्या गप्पा. आता सगळ्यात लांबचा प्रवास फ्रिजपर्यंतचा. आणि त्यात नवा साहेब आला. हा साहेब कुणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. तो पडद्यावरच्या चौकोनात यायचा, हसून बोलायचा, आणि दर काही आठवड्यांनी मीटिंगमधला एखादा चौकोन कमी झालेला असायचा. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कॅप्टन मनातल्या मनात उरलेले चेहरे ओळखत बसायचा. पडद्यावर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला की माणूस जागेवर नाही असं वरच्यांना कळतं, अशी कुणीतरी आवई उठवली, तेव्हापासून तो बाथरूमलाही पळत जायचा आणि पळत यायचा.

आणि मग त्याची मान धरली.

मान, तिथून खांदा, खांद्यातून दंडापर्यंत अशी कळ उतरायची की डोळ्यांत पाणी यावं. दुखणं खोटं नव्हतं. पण ते बोलकं होतं. उठताना "आई गं", बसताना "मेलो", कूस बदलताना सुस्कारा. मीटिंग सुरू होण्याआधीच्या दोन मिनिटांत तो मानेची खबरबात सगळ्या टीमला द्यायचा. मित्र उपाय सुचवायचे. कुणी गळ्याचा पट्टा सांगितला, तो आणला. कुणी उशी बदल म्हणालं, तीही बदलली. भिंगरी रोज संध्याकाळी मलम चोळायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची, आणि चोळता चोळता चेष्टा करायची, "वादळात सापडलेत आमचे कॅप्टन. शीड फाटलंय."

"हसू नकोस गं. तुला नाही कळायचं, किती ठणकतं ते."

"बरं बाई, नाही कळत," ती म्हणायची आणि अंगठ्याने नेमकी दुखरी जागा दाबायची.

घरात आवाज नको, हा त्या काळातला कायदा. भिंतीला कान असावेत तसे साहेबाच्या चौकोनाला कान. कुकरची शिट्टी झाली, कॅप्टन हात हलवायचा. छोटी गुणगुणली, कॅप्टन हात हलवायचा. भिंगरी गॅलरीकडे निघाली की तिला बाहेरच्या खोलीतूनच जावं लागे, आणि ती पडद्यावर त्याच्या पाठीमागून सरकताना दिसायची. एकदा मीटिंग संपल्यावर तो वैतागून म्हणाला, "सारखी मागून ये-जा करू नकोस गं. बाजार भरल्यासारखं दिसतं. काय ते एकदाच उरकून घेत जा."

ती तशी वागू लागली. स्वयंपाकघराचं दार लोटून ती बसायची ती बसायचीच. त्यात त्यानेच एके दिवशी म्हटलं, "तुझं काम थोडं वाढवून घेता येतं का बघ. माझ्या नोकरीचं काही खरं दिसत नाही." तिने वाढवून घेतलं. उशी टाकलेल्या स्टुलावर, ओट्याला टेकून, भिंगरी दिवसचे दिवस बसून राहिली. जिला बसवून ठेवणं तिच्या आईबापांना जमलं नाही, तिला कॅप्टनने हात हलवून हलवून बसवलं. हे सगळं त्याच्या ध्यानात आलं ते फार पुढे.

ती बोललीच नाही असंही नाही. एका दुपारी ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, माझा डावा पाय बघ ना, मुंग्या आल्यासारखा झालाय सकाळपासून." त्याच्या कानाला हेडफोन होता, दूरच्या बंदरातला कुणीतरी ओरडत होता. त्याने एक बोट वर केलं. एक मिनिट थांब. ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. ते मिनिट पुढे कधी आलंच नाही.

दुसऱ्यांदा ती म्हणाली, "कॅप्टन, दुपारी तासभर तुझी खुर्ची देशील का? कंबर फार भरून येते रे."

त्याने दिली. दोन दिवस दिली. तो स्वतः पलंगावर लॅपटॉप घेऊन बसला आणि तिसऱ्या दिवशी मान घेऊन पुन्हा दारात हजर. "नाही जमत गं मला. माझ्या मानेचं काय होतं तुला माहीतच आहे." तिने खुर्ची ढकलत त्याच्या टेबलापाशी आणून सोडली. "असू दे, माझं काय एवढं," ती म्हणाली. त्यानंतर तिने मागितली नाही.

शेवटी त्याच्या मानेसाठी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. "तूही चल," तो म्हणाला, "डॉक्टरबाई काय सांगतात ते मला घाबरून नीट ऐकू येत नाही." छोटीला शेजारी सोडून दोघं निघाले. दवाखाना लांब नव्हता. रस्त्याने जाताना तो मानेबद्दल बोलत होता, आणि ती आपल्या मागे राहिलीये, पुढे नाही, हे त्याला दिसलं नाही. नंतर त्याने हा रस्ता मनातल्या मनात किती वेळा चालून पाहिला असेल, देव जाणे. एकदा तरी मागे वळून बघायला काय झालं होतं?

नाव पुकारलं तसा तो आत शिरला. भिंगरी मागून येत होती. तेवढ्यात बाकावर बसलेली एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, तुझी चप्पल राहिली की गं मागे!"

भिंगरीने खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल बाकाजवळच पडली होती, आणि ती त्यानंतर बरीच पावलं चालून आली होती.

दार उघडंच होतं. आतल्या डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत होत्या. कॅप्टन खुर्चीत बसून मानेचा पट्टा सोडायला लागला होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा जरा." आणि भिंगरीला म्हणाल्या, "चप्पल निघालेली कळलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"इकडे या. टाचांवर चालून दाखवा बघू. पंजे वर उचलून."

भिंगरीने उजवा पंजा उचलला. डावा उचलेना. तिने भिंतीला हात लावला, ओठ घट्ट मिटले, पण पंजा जमिनीला चिकटवल्यासारखा तिथेच. कॅप्टनला आधी वाटलं, ही नीट करत नाहीये.

"कधीपासून आहे हे?"

आणि मग भिंगरी बोलू लागली. कंबरेतून निघणारी कळ, मांडीच्या बाहेरून पोटरीत, पोटरीतून अंगठ्यापर्यंत. खोकलं की वाढते, बसलं की वाढते, आडवं झालं की थोडी हटते. आधी मुंग्या, मग बधिरपणा, आता पंजा पडतोय. कधी सुरू झालं, कधी वाढलं, सगळं ओळीने, तिने आजवर टाइप केलेल्या हजारो नोंदींसारखं. डॉक्टरबाई लिहीत राहिल्या. एकदा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही या क्षेत्रात आहात का?"

"नाही. ऐकून माहीत आहे."

"मग हे काय असू शकतं तेही माहीत असेल."

"हो."

"मग आधी का नाही आलात?"

कॅप्टन म्हणाला, "अगं, मला कधी बोलली नाहीस तू!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "बोलले होते," ती म्हणाली, "तू कामात होतास."

मग भराभर तपासण्या झाल्या. मणक्यातली गादी सरकून शिरेला दाबत होती आणि ते दाबणं फार दिवसांचं होतं. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. नुसत्या बसण्यानेच हे झालं असं म्हणता येणार नाही, पण बसून राहण्याने, कामाच्या ताणाने आणि अंगावर काढल्याने ते इथवर आलं, असं बाई म्हणाल्या. कॅप्टनची मानही त्यांनी तपासली. एक्स-रेच्या फोटोत काही सापडलं नाही. "म्हणजे दुखत नाही असं नाही हं," त्या म्हणाल्या. "हालचाल बंद आणि जीव सतत टांगणीला, मग खांदे कानाशी येऊन बसतात. दुखणारच. उठा, चाला, अर्ध्या तासाने जागा सोडा. बरी होईल." त्याने मान हलवली आणि ती हलवताना दुखली तरी पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी भिंगरीची मोठी बहीण आली. ती गावातल्या छापखान्यात हिशेब बघायची, जबरी बाई, सगळे तिला ताई म्हणत. छोटी बापाला बिलगून बसली होती. कॅप्टन ताईला सांगत होता, "हे इतकं अचानक झालं हो ताई, काही कळायलाच वेळ मिळाला नाही."

छोटी म्हणाली, "अचानक कुठे बाबा? आई तर रोज दुपारी स्वयंपाकघरात जमिनीवर झोपून काम करायची. लॅपटॉप पोटावर ठेवून. मीच उशी द्यायचे पायाखाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमची मीटिंग असायची ना. आई म्हणाली, बाबांना आवाज नको."

ताईने छोटीला बाटली भरून आणायला पाठवलं. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ताईने वाट पाहिली. मग म्हणाली, "मला सगळं ठाऊक होतं. रोज फोनवर सांगायची. मी म्हणायचे, नवऱ्याला सांग. तर म्हणायची, त्याचंच इतकं दुखतंय गं, त्यात माझं कुठे घालू?"

कॅप्टनच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. "मी तिला कधी नाही म्हटलं नसतं, ताई."

"ते खरं आहे," ताई म्हणाली. "तू नाही म्हणत नाहीस. तू ऐकतच नाहीस. आणि तुला तरी काय बोलू? मीही लांबूनच बोलत राहिले. पहिल्या गाडीने येऊन तिला हाताला धरून न्यायला हवं होतं मी." तिने पदराने नाक पुसलं आणि दोघंही बंद दाराकडे बघत बसली.

ऑपरेशन चांगलं झालं. कळ गेली, भिंगरीला कितीतरी दिवसांनी सरळ झोप लागली. पण पंज्यातला जोर पुरता परत आला नाही. थोडा आला, मग थबकला. व्यायाम करून घेणारी बाई घरी यायची, ती धीर द्यायची, पण एके दिवशी तिनेही सांगितलं की शिरेला फार काळ मार बसलाय, आता एवढ्यावर समाधान मानायचं. पंजा खाली लोंबू नये म्हणून बुटाच्या आत एक प्लास्टिकची पट्टी आली. भिंगरी ती लावून चालायची, सावकाश, दर पावलाला गुडघा जरासा जास्त उचलून.

कॅप्टन बदलला. मनापासून बदलला, हे कबूल करायला हवं. त्याने साहेबाला सांगून टाकलं की मला मधून मधून उठावं लागेल, ठिपका पिवळा झाला तर झाला. आभाळ काही कोसळलं नाही. साहेब म्हणाला, "ऑफ कोर्स," आणि पुढच्या विषयाकडे वळला. एवढंच म्हणायचं होतं तर आपण वर्षभर कुणाला भीत होतो, हे कॅप्टनला समजेना. तो सकाळ-संध्याकाळ चालू लागला, भांडी घासू लागला, केर काढू लागला. आणि त्याची मान बरी झाली.

ते त्याला फार लागलं. एके सकाळी उठताना त्याच्या ध्यानात आलं की दुखत नाहीये, मान इकडून तिकडे सहज वळतेय, आणि पलीकडे भिंगरी पलंगाच्या कडेला बसून पायात पट्टी चढवतेय. त्याने उगाच मानेवर हात ठेवला, जणू तिथे थोडं तरी दुखायला हवं होतं. "काय रे, धरली का पुन्हा?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला आणि मोरीकडे गेला. नळ सोडून तो बराच वेळ तिथे उभा होता.

भिंगरीने घरून टाइप करायचं काम सोडलं. चार गल्ल्या पलीकडे दातांच्या दवाखान्यात रोग्यांच्या वेळा सांभाळणारी बाई हवी होती, तिथे ती लागली. कॅप्टन म्हणाला, "कशाला? मी आहे ना. तू आराम कर." ती म्हणाली, "आराम नकोय मला. मला उठबस हवीय आणि माणसं हवीत. दार लोटून बसायचं आता नाव नको." तिथे ती दिवसभर उठत-बसत असायची, लहान पोरांना खुर्चीत बसवायला हसवायची. संध्याकाळी घरी आली की तिथल्या गमती सांगायची. दुखण्याचं मात्र काही बोलायची नाही.

तो विचारायचा. आल्या आल्या विचारायचा. "कसं आहे आज? कंबर? पाय? पट्टी टोचते का?"

"काही नाही. ठीक आहे."

"खरं सांग."

"अरे, ठीक आहे म्हटलं ना. आल्यापासून तपासणी नको."

विचारावं तरी चूक, न विचारावं तरी चूक. ज्या वेळी विचारायचं होतं त्या वेळी एक बोट वर केलं, आणि आता दहाही बोटं रिकामी असून उपयोग नव्हता.

एका संध्याकाळी छोटी खाली खेळायला गेली होती. कॅप्टन वाळलेले कपडे घेऊन आतल्या खोलीकडे निघाला तर दार अर्धवट लोटलेलं आणि आत भिंगरी ताईशी फोनवर बोलत होती. "आज फार ठणकलं गं. पोटरीत गोळे येतात, त्यात ती पट्टी घोट्याला घासते, कातडं सोललंय. दुपारी खुर्चीवरून उठताना वाटलं, पडतेच आता. आणि कधीकधी ना ताई, भराभर चालणाऱ्या बायका बघून इतकं रडू येतं..."

तो दारापाशीच थांबला. अर्ध्या तासापूर्वीच तिने त्याला "ठीक आहे" असं सांगितलं होतं, हसतमुखाने.

बोलणं संपलं. दार उघडलं. समोर कपड्यांचा ढीग छातीशी धरून कॅप्टन उभा.

"काय ऐकत होतास?"

"तू काय काय सांगत होतीस ते."

"मग मला विचारायचं."

"विचारलं होतं, भिंगरी. आत्ताच विचारलं."

ती चौकटीला टेकली. पाय दुखत असावा, तिने वजन उजव्या अंगावर घेतलं. म्हणाली, "मुद्दाम नाही रे करत. तुझ्यावर राग धरून बसलेय असंही नाही. तू विचारलंस की तोंडातून आपोआप 'काही नाही'च येतं. तिकडे ताईचा आवाज ऐकला की सगळं भडाभडा बाहेर येतं. सवय पडलीय तशी."

"मोडेल का ती?"

"काय सांगू? तुला सांगायची सवय होती, ती एकदा मोडून झाली," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तिने त्याच्या हातातले वरचे दोन टॉवेल काढून घेतले. "आण, घड्या घालू."

दोघं पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालू लागले. त्याच्या मनात होतं की घोट्याला मलम लावू का विचारावं. पण ते कळलं होतं दाराआडून, तिने सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याची जीभ उचलेना. तिनेही पट्टी काढली नाही. खालून छोटीचा ओरडा आला, कुणीतरी बाद झालं होतं. भिंगरी त्या आवाजाने हसली आणि दवाखान्यातल्या एका पोराची गोष्ट सांगू लागली, आणि कॅप्टन तिच्याकडे तोंड करून शेवटपर्यंत ऐकत राहिला.